बल्ब शाबूत, फ्यूज शाबूत, तरी अंधार

मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ज्यांच्याकडे ती अजून चालती आहे, त्यांना ही तक्रार नवी नाही: हेडलाइट लागत नाही, स्टिअरिंगखालची दांडी, म्हणजे दिव्यांचा स्विच, जरा हलवली की लागतो, खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा जातो. गॅरेजात उत्तर ठरलेलं, ‘कार्बन धरलाय (आतले पत्रे जळून काळे पडलेत), स्विच बदला.’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. स्विच का मेला हे पाहिलं नाही, तर नवाही त्याच वाटेने जातो.

आधी स्विचवर आळ घ्यायचा की नाही, ते ठरवू. एकच दिवा गेला असेल तर दोष बहुतेक बल्बचा, त्या बाजूच्या फ्यूजचा किंवा अर्थिंगचा, म्हणजे बल्बपासून बॉडीला जाणाऱ्या जोडणीचा. दोन्ही दिवे एकदम गेले किंवा डिप्पर (जवळचा, खाली पडणारा झोत) जाऊन अप्पर (लांबचा झोत) राहिला, तर संशय स्विचवर. दोन्ही बल्बच्या आतल्या डिप्परच्या तारा (फिलामेंट) एकाच वेळी तुटणं क्वचितच घडतं.

आता मल्टिमीटर, आणि इथेच भलेभले फसतात. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला की तो चक्क १२ व्होल्ट दाखवतो. मग स्विच निर्दोष? मुळीच नाही. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, आणि करंट नसेल तर खराब काँटॅक्टवर (स्विचमधल्या एकमेकांना टेकणाऱ्या पत्र्यांवर) व्होल्टेज पडणार कुठून? ओहमचा नियम इतकाच आहे: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. म्हणून मोजायचं ते दिवे पेटवून: स्विचमध्ये येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या वायरीच्या मध्ये. चांगल्या स्विचवर एखाद-दोन दशांश व्होल्ट दिसतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर स्विचचे दिवस भरले.

काँटॅक्टचे दोन पत्रे डोळ्यांना सपाट दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर ते खडबडीत असतात आणि मोजक्याच उंचवट्यांवर एकमेकांना टेकतात. सगळा करंट त्या टेकलेल्या ठिपक्यांतून जातो. दर वेळी स्विच बंद करताना तिथे बारीक ठिणगी पडते, पृष्ठभाग जळतो, ऑक्साइडचा थर चढतो. ठिपके कमी झाले की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने स्प्रिंगचा ताण जातो आणि दाब आणखी कमी होतो. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत हे चक्र आणखी वेगाने फिरतं.

आकडे मांडून बघा. ६०/५५ वॅटचे (अप्परला ६०, डिप्परला ५५) दोन एच-४ हॅलोजन बल्ब डिप्परवर सुमारे ९ अँपिअर घेतात. हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) नसलेल्या जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्विचमधूनच जातो. काँटॅक्टचा रोध ०.१ ओहम झाला तरी तिथे ०.९ व्होल्ट पडतो आणि ८ वॅट उष्णता तयार होते. नखाएवढ्या जागेत ही छोट्या सोल्डरिंग आयर्नचीच धग. प्लॅस्टिक वितळतं ते यामुळे. शिवाय हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो, त्यामुळे एवढ्याशा घटीने जवळपास पाव उजेड जातो.

इथे हौशी लोक काय करतात? उजेड कमी पडतो म्हणून १००/९० वॅटचे बल्ब टाकतात. नियमात न बसणारे, ही गोष्ट वेगळीच. करंट १५ अँपिअरवर जातो आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच काँटॅक्टवर ती २२ वॅटच्या पुढे जाते. मग दोष स्विच बनवणाऱ्याचा कसा?

बदलण्याचं काम अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, स्टिअरिंगवर आणि कॉलमवर खुणा करून व्हील उतरवायचं, कव्हर खोलून कपलर (वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे सॉकेट) सोडवायचे. नवा स्विच बसवण्याआधी कपलरची पिन तपासा. ती काळी पडली असेल किंवा प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल, तर कपलरही बदलायला हवा. ८००मध्ये एअरबॅग नव्हती. ज्या गाडीत आहे, तिथे हे काम जाणकाराकडेच द्या.

खरा इलाज मात्र रिले. स्विचने फक्त रिलेच्या कॉइलला साधारण पाव अँपिअर द्यायचा, बल्बचा करंट बॅटरीकडून वेगळ्या जाड वायरीने आणायचा. त्या वायरीचा फ्यूज बॅटरीला लागूनच हवा, नाहीतर वाटेत ती घासून शॉर्ट झाली तर आग लागेल. रिलेचं तयार किट घेण्याआधी आणखी एक तपासणी: काही जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला, म्हणजे बल्ब आणि बॉडी यांच्या मध्ये असतो. दिवे बंद ठेवून बल्बच्या होल्डरची एक पिन आणि बॉडी यांच्यात मीटर लावा. तिथे १२ व्होल्ट आले, तर तुमची गाडी त्यातली आहे आणि बाजारातलं साधं किट तिला थेट जोडता येणार नाही.