पार्श्वभूमी : देवमाशाचं ‘गाणं’ हा शब्द आला कुठून

देवमाशांचे आवाज जुन्या खलाशांना ठाऊक होते, लाकडी जहाजाच्या तळातून ते ऐकू यायचे. त्यांची नोंद मात्र शीतयुद्धामुळे झाली. १९५० च्या दशकात सोविएत पाणबुड्यांची चाहूल घेण्यासाठी अमेरिकी आरमाराने बर्म्युडाजवळ पाण्याखाली श्रवणयंत्रं सोडली. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. त्या ध्वनिफितींवर कण्हणं, घुमणं, लांबवलेली शीळ असं बरंच काही आलं. एका अभियंत्याने फिती जपल्या आणि पुढे जीवशास्त्रज्ञांकडे सोपवल्या.

१९७१ च्या शोधनिबंधात हंपबॅक जातीच्या देवमाशांच्या या आवाजांना ‘गाणं’ म्हटलं गेलं, आणि तिथून वाद सुरू झाला. ‘गाणं’ म्हणण्याचं कारण साधं होतं : फितीचे ध्वनिआलेख कागदावर काढले तेव्हा तोच क्रम पुन्हा पुन्हा दिसला. सुट्या आवाजांची ओळ, त्याच ओळीच्या आवर्तनांचं कडवं, ठरलेल्या क्रमाने येणारी कडवी. एक फेरी ७ ते ३० मिनिटांची, आणि ती संपली की न थांबता पुन्हा पहिल्यापासून. पक्ष्यांच्या बाबतीत याच कसोटीवर ‘गाणं’ आणि ‘हाक’ वेगळी केली जातात. तरी आक्षेप आला की हा शब्द माणसाच्या भावना जनावरावर लादतो. हा आक्षेप मला पटत नाही. गातात फक्त नर, बहुधा एकेकटे. तरीही एका भागातले सगळे नर त्या हंगामात जवळपास एकच गाणं म्हणतात आणि ते मिळूनच बदलत नेतात. एकमेकांचं ऐकून शिकल्याशिवाय हे होणार नाही. त्याला नुसता ‘आवाज’ म्हटलं तर अर्धी गोष्ट हरवते. गाणं मादीसाठी की दुसऱ्या नरासाठी, हे अजून सुटलेलं नाही.

या शब्दाने राजकारणही हलवलं. १९७० मध्ये गाण्यांची तबकडी निघाली. १९७९ मध्ये एका मासिकाने तिचा काही भाग १ कोटी ५ लाख प्रतींसोबत वाटला. मधल्या काळात ‘देवमासे वाचवा’ची चळवळ उभी राहिली आणि १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवर स्थगिती ठरली.

आपल्या समुद्राला हे संरक्षण उशिरा मिळालं. नोव्हेंबर १९६६ मध्ये, हंपबॅकच्या शिकारीवर आधीच बंदी असतानाही, सोविएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या किनाऱ्यासमोर काही दिवसांत २३० हून अधिक हंपबॅक मारले. ते उघड झालं १९९० च्या दशकात. अरबी समुद्रातला हा कळप दक्षिणेकडे स्थलांतर करत नाही, सुमारे ७०,००० वर्षं तो इतरांपासून वेगळा पडला आहे. ओमानजवळची त्यांची संख्या शंभराच्या आत मानली जाते. गोव्याच्या किनाऱ्याजवळही त्यांचं गाणं यंत्रांनी टिपलं आहे.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात पश्चिम किनाऱ्याचं गाणं पूर्वेकडच्या नरांनी उचललं आणि दोनेक वर्षांत स्वतःचं जुनं सोडून दिलं. २०२४ मध्ये देवमाशांच्या स्वरयंत्राचा उलगडा झाला : स्वरयंत्रातल्या चरबीच्या गादीवरून हवा गेली की ती थरथरते, आणि त्यातून निघणारा हा आवाज साधारण ३०० हर्ट्झच्या वर जात नाही आणि १०० मीटरपेक्षा खोल काढता येत नाही. मालवाहू जहाजांचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात असतो, आणि अरबी समुद्रातून तेलवाहू जहाजं रात्रंदिवस जातात.