घरी तीनचाकी बनवताय? मग चाकाला आडवा जोर किती झेपतो ते आधी बघा

घरी तीनचाकी करायची म्हटलं, पायडलची असो की मोटरची, की पहिला प्रश्न हमखास येतो, ही चाकं किती वजन घेतील? खरं सांगायचं तर वजनाचं टेन्शन घेऊच नका. जुन्या २८ इंची काळ्या सायकलवर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर चालवणारा, असं सगळं वर्षानुवर्षं जातंय आणि चाकाला काही होत नाही. भानगड आडव्या जोराची आहे.

सायकल वळवताना आपण आत झुकतो, त्यामुळे आपलं वजन आणि वळणाचा जोर मिळून जे काही होतं ते चाकाच्या सरळ रेषेतच राहतं, चाकाला वाटतं आपल्यावर नेहमीसारखं उभंच वजन आहे. तीनचाकी झुकत नाही, ताठ राहूनच वळते, मग वळणाचा सगळा जोर रस्त्याकडून टायरला आणि टायरकडून रिंगला बाजूने बसतो. सायकलचं चाक यासाठी बनवलेलंच नसतं.

थोडा हिशोब करू. गाडी आणि माणूस मिळून १२० किलो, वेग ताशी १५ किमी, वळण ६ मीटर त्रिज्येचं, म्हणजे गल्लीतून गल्लीत वळतो तसं. आडवा जोर येतो साधारण ३५ किलोचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त बाहेरच्या एकाच चाकावर. आता कुणी म्हणेल, भाजीची हातगाडी पण सायकलच्याच चाकांवर चालते की, अडीचशे किलो माल लादून! चालते, पण ताशी ४ किमीने. आडवा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे त्याच वळणावर त्या भरलेल्या हातगाडीला फक्त पाचेक किलोचा जोर येतो. हातगाडी बघून चाकं निवडू नका.

मग चाक आडवं वाकतं कसं? हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, दोन थाळ्यांपासून स्पोक तिरके रिंगपर्यंत जातात आणि तो तिरकेपणाच रिंगला बाजूने धरून ठेवतो. थाळ्यांमधलं अंतर ६० मिमी धरलं तर २८ इंची चाकात हा कोन जेमतेम ६ अंश भरतो, २० इंचीत तोच ९ अंशाच्या वर जातो, शिवाय स्पोकही आखूड होतात, त्यामुळे तेच हब वापरूनही छोटं चाक बाजूच्या जोराला तिपटी-चौपटीने ताठ मिळतं. म्हणून पायडलच्या तीनचाकीला माझं सरळ मत आहे, बीएमएक्सची, म्हणजे कसरतीच्या छोट्या दणकट सायकलची, २० इंची, ३६ स्पोकची चाकं घ्या. फक्त २० इंच म्हणून दोन वेगळी मापं विकली जातात, रिंगवर टायर बसतो तिथला व्यास ४०६ किंवा ४५१ मिमी, एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही, आकडा टायरच्या कडेवर लिहिलेला असतो तो वाचूनच पैसे द्या. खड्ड्यांत छोटं चाक जास्त आदळतं हे खरंय, त्याला उपाय जाड टायर.

आता एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा. इथे बहुतेक घरगुती गाड्या मार खातात. सायकलचा एक्सल दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेला असतो, तीनचाकीत लोक तोच १० मिमीचा एक्सल एका बाजूने वेल्ड करून चाक बाहेर लटकवतात. एका चाकावर ५० किलो आणि चाक आधारापासून ६ सेमी बाहेर असलं, तर गाडी नुसती उभी असतानाच त्या एक्सलवरचा ताण साध्या लोखंडाच्या वाकण्याच्या मर्यादेपलीकडे जातो. वर वळताना बाहेरच्या चाकाचा आडवा जोर त्याच एक्सलला उलट्या दिशेने वाकवायला बघतो. सरळ रस्त्यावर इकडे, वळणावर तिकडे, तार पुढे-मागे वाकवून तोडतो ना, तसाच तो एक दिवस वेल्डिंगच्या कडेला तुटतो. जाडी मात्र चांगलीच कामाला येते, कारण ताकद जाडीच्या घनाने वाढते, १० ऐवजी १५ मिमी घेतला तर सव्वातीन पटीहून जास्त, २० मिमी घेतला तर आठपट. १५ मिमीला ६२०२ नंबरचं बेअरिंग बसतं, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं, हब तेवढं लेथवाल्याकडून करून घ्यायचं. नाहीतर दोन्ही बाजूंनी फ्रेम करा आणि चाक मधे घ्या, जड होतं आणि दिसायला बेढब, पण १० मिमीतही भागतं.

मोटर बसवणार असाल तर भंगारात जुन्या चेतकची चाकं शोधा. ३.५०-१० चा टायर, दाबलेल्या पत्र्याची दोन अर्ध्या भागांची रिंग, ब्रेकचा ड्रम आतच, आणि मुख्य म्हणजे स्कूटरचं चाक मुळातच एका बाजूने धरलेलं असतं, आपल्याला हवं तेच. चेतक ज्या इटालियन व्हेस्पा स्कूटरवरून बनली, ती १९४६ ला आली आणि दोनच वर्षांत इटलीत तिच्यावरून तीनचाकी आपे काढली गेली. पायडलला मात्र ही चाकं नकोत, जड टायर ओढताना जीव जाईल. आणि सिमेंटच्या ढकलगाडीची स्वस्त चाकं कशालाच नकोत, ती माणसाच्या चालीसाठी असतात, आतमध्ये धड बेअरिंगही नसतं.

मोटरवाल्यांनी आणखी एक बघायचं. मिनिटाला ३०० फेरे मारणारी हब मोटर, म्हणजे चाकाच्या हबमध्येच बसवलेली मोटर, २० इंची चाकात ताशी २८ किमीच्या आसपास जाते, २६ इंचीत ३७. वेग वाढलेला दिसतो, पण ओढ पाव हिश्शाने कमी होते, म्हणजे चढावर बोंब. आणि सीट ६० सेमी उंच, मागच्या चाकांमधलं अंतर ७५ सेमी अशी नेहमीची बांधणी असेल, तर मघाच्याच ६ मीटरच्या वळणावर गाडी ताशी १८ किमीला आतलं चाक उचलते. तेव्हा ३७ चं करायचं काय?

जुनं चाक घेताना दुकानातच एक्सल धरून रिंग बाजूने हलवून बघा, खटखट आली तर कोन-वाटी (छर्रे ज्यांच्यामधे फिरतात ते भाग) किंवा छर्रे गेलेत. मग जवळजवळचे दोन-दोन स्पोक मुठीत दाबत चाकभर फिरा. सैल लागले तर आउट (रिंगचा वाकडेपणा) काढून आणि स्पोकना ताण भरूनच चाक लावा, कारण आडवा जोर आला की आधीच ढिल्या बाजूचे स्पोक पूर्ण सुटतात आणि रिंग वाकून तिची इंग्रजी आठ (8) होते.