कॉन्स्टिट्युअंट क्वार्क जड आहे, म्हणून काय हळू नाही!

नाशकात कॉलेज रोडला एमएस्सीच्या पोरांना शिकवतो, दरवर्षी हाच घोळ. प्रोटॉनचं वस्तुमान 938 एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं ऊर्जेचं एकक), त्यातले तीन क्वार्क, दोन अप नि एक डाऊन, मिळून जेमतेम 9, मग बाकीचं कुठून आलं? लगेच उत्तर, "सर, क्वार्क लई जोरात पळतात ना, रिलेटिव्हिटीने जड होतात, म्हणून प्रत्येकी 330." अरे नाही रे बाबांनो!

करंट क्वार्क तुम्हाला माहितीये, लॅग्रांजियनमधला, म्हणजे सिद्धांताच्या मूळ सूत्रातला, अप साधारण 2, डाऊन साधारण 5, विषय संपला. कॉन्स्टिट्युअंट म्हणजे तोच, पण ग्लुऑन (क्वार्कांना जखडून ठेवणारे कण) आणि क्वार्क-अँटिक्वार्क जोड्यांचं लटांबर घेऊन फिरणारा, सुमारे 330. कोरडी गोधडी आणि गोदाघाटावर बुचकळून काढलेली गोधडी. ओली जड लागते ती पाण्याने, आपटली म्हणून नाही. तसा हा 330 मॉडेलमध्ये स्थिर वस्तुमान म्हणूनच घालतात, वेग अजून यायचाय. (वेगाने वस्तुमान वाढतं ही भाषाच माझ्या डोक्यात जाते, सरळ एनर्जी म्हणा की.)

आता खरी मेख. 330 बघून लोक म्हणतात, जड आहे म्हणजे हळू असणार, श्रोडिंगरचं समीकरण, जे रिलेटिव्हिटी धरत नाही, ते चालेल. करा हिशोब! साधारण 1 फर्मीत, म्हणजे प्रोटॉनएवढ्या जागेत, कोंडलेला क्वार्क, अनिश्चिततेच्या तत्त्वाने संवेग 200 एमईव्हीच्या घरात, म्हणजे वेग प्रकाशाच्या निम्मा झाला की, हा कुठला हळू?

मग पुढचा मुद्दा येतो, की हळू क्वार्क धरून न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या मॅग्नेटिक मोमेंटचं (चुंबकत्वाच्या मापाचं) गुणोत्तर तर -2/3 बरोबर येतं, मोजलेलं -0.685. येणारच, कारण ते स्पिन-फ्लेवर सिमेट्रीतून (स्पिन आणि अप-डाऊन हे प्रकार यांच्या सममितीतून) येतं, वेगाचा भाग वर-खाली कटून जातो. 1974 च्या एमआयटी बॅग मॉडेलात, जिथे क्वार्क एका पिशवीत कोंडलेले धरतात, ते चक्क बिनवस्तुमानाचे घेतले तरी तेच -2/3. त्यामुळे क्वार्क हळू असल्याचा पुरावा म्हणून ते दाखवू नका.

दाखवायचाच तर अ‍ॅक्सियल चार्ज (क्वार्कांच्या स्पिनवर ठरणारा आकडा) दाखवा. हळू क्वार्क धरले तर 5/3, म्हणजे 1.67, प्रयोगात 1.27, बॅगमध्ये 1.09. डिरॅक स्पिनरचा (रिलेटिव्हिटी धरून लिहिलेल्या क्वार्कच्या तरंगफलनाचा) खालचा भाग पी-वेव्ह, म्हणजे कक्षीय फिरणं असलेला, असतो, तिथे स्पिनचा थोडा वाटा कक्षीय कोनीय संवेगाकडे जातो आणि आकडा घसरतो. रिलेटिव्हिटीचं खरं काम हे. बॅगवाल्यांनी तो जरा जास्तच घसरवला, ते वेगळं.