पुण्यात ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी संस्था काढायचीये? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघू-वापरू शकतो असं सॉफ्टवेअर. मराठी स्पेलचेकर असो नाहीतर हाउसिंग सोसायटीचा हिशोब ठेवायचं अ‍ॅप, प्रोजेक्ट लोक वापरायला लागतात, सर्व्हरचं बिल कोणीतरी एकजण गुपचूप स्वतःच्या कार्डावरून भरत असतो आणि मग एखादी कंपनी विचारते की आम्हाला मदत करायचीये, चेक कुणाच्या नावाने काढू? इथं बहुतेक ग्रुप लगेच "चला ट्रस्ट काढू" म्हणतात. माझं मत विचाराल तर आधी एकच गोष्ट ठरवा, पैसा येणार कुठून. इथल्या लोकांच्या देणग्या, कंपनीचा सीएसआर (कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा पैसा), की परदेशातून? कारण कुठला अर्ज करायचा, किती वर्षं थांबायचं, सगळं त्यावर आहे, आणि चुकीची संस्था काढली तर ती बंद करणं काढण्यापेक्षा जास्त डोकेदुखीचं काम आहे.

अजून एक, खूप प्रोजेक्टना संस्था लागतच नाही. वर्षाला डोमेन आणि सर्व्हरचे थोडे पैसे एवढाच खर्च असेल तर एखाद्या फिस्कल होस्टकडे जा, म्हणजे अशी संस्था जी आधीच रजिस्टर आहे आणि तुमच्या प्रोजेक्टचे पैसे स्वतःच्या खात्यात वेगळे धरून तुम्ही दिलेली बिलं भागवते. अमेरिकेत सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट १९९७ पासून हेच करते, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी २००६ पासून. तिथून पुण्यातल्या मेंटेनरला (प्रोजेक्टचा कोड सांभाळणाऱ्याला) कामाचे पैसे आले तर ते त्याचं व्यावसायिक उत्पन्न, रिटर्नमध्ये दाखवायचं, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी. पण "तात्पुरतं माझ्या सेव्हिंग अकाउंटवर घेऊ" हे नको. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांच्या वर भेट रक्कम आली की सगळी रक्कम करपात्र होते, आणि ज्याचं अकाउंट त्याच्या डोक्यावर बसते.

फंड देणारेही कायम संस्थाच मागतात असं नाही. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस/फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रोजेक्टला १० हजार ते १ लाख डॉलर. त्याचा अर्ज म्हणजे फंडिंग डॉट जेसन नावाची एक फाइल, त्यात प्रोजेक्ट काय, कोण चालवतं, किती पैसे कशासाठी हवेत हे लिहायचं, ती रेपोत (जिथं प्रोजेक्टचा कोड असतो) किंवा वेबसाइटवर ठेवायची आणि लिंक द्यायची. पात्रता मात्र कडक आहे, आधीपासून चालू असलेला आणि बऱ्याच लोकांच्या वापरात असलेला प्रोजेक्ट लागतो, कालच सुरू केलेल्याला मिळत नाही.

आता संस्था लागणारच असेल तर दोन रस्ते.

पहिला धर्मादाय आयुक्तांचा. सोसायटी रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीपण नोंदणी करावी लागते, म्हणून आपल्याकडे संस्थेला दोन नंबर असतात. नुसता ट्रस्ट काढला तर ट्रस्ट डीड करून फक्त १९५० च्या कायद्याखालची नोंदणी, तो अर्ज ट्रस्ट झाल्यापासून तीन महिन्यांत. कागदं म्हणजे मेमोरँडम (संस्थेचे उद्देश लिहिलेला कागद), नियमावली, प्रत्येकाचं संमतीपत्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, ऑफिसच्या जागेचं लाइट बिल आणि मालकाचं ना हरकत पत्र. हे सगळं होऊन जातं. खरी अडचण नंतर येते. कार्यकारिणीतला माणूस बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, आणि व्हॉलंटियर प्रोजेक्टमध्ये माणसं सारखी बदलतात, एक लग्न करून बेंगळुरूला, एक एमएस करायला बाहेर, एकाला बाळ झालंय. चेंज रिपोर्ट मंजूर झालेला नसला की बँक सह्या बदलायला नाही म्हणते आणि खात्यात पैसे असून सर्व्हर बंद पडतो असली गंमत होते.

म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांना मी दुसरा रस्ता सांगेन, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ ची कंपनी. ना नफा कंपनी, नफा वाटता येत नाही, सगळं उद्देशावरच खर्च करायचं. प्रायव्हेट असेल तर दोन सदस्य आणि दोन डायरेक्टर पुरतात, पण एक डायरेक्टर तरी वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा, हे बघून घ्या कारण टीममधले अर्धे लोक बाहेरच असतात. अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर स्पाइस प्लस फॉर्ममध्ये, आधी नाव राखून ठेवायचं, शेवटी फाउंडेशन, असोसिएशन, फोरम असं काहीतरी येतं, मग सगळ्यांच्या डिजिटल सह्या, मेमोरँडम, सीए किंवा सीएसचं घोषणापत्र, पुढच्या तीन वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज, पॅन, आधार, जागेचा पुरावा. लाइट बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, भाड्याची जागा असेल तर लीव्ह अँड लायसन्स करार आणि मालकाचं पत्र. पुण्याचं आरओसी, म्हणजे कंपनी निबंधकाचं ऑफिस, आकुर्डीला स्टेशनजवळ आहे पण नोंदणीसाठी तिथं खेटे मारायची गरज नाही, काम ऑनलाइन होतं. डायरेक्टर बदलला तर ३० दिवसांत ऑनलाइन फॉर्म, झालं.

फुकट नाहीये हे. व्यवहार शून्य असला तरी दरवर्षी ऑडिट लागतं, एओसी-४ (हिशोब) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरण) हे फॉर्म भरावे लागतात, आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. त्यामुळे सीएची वर्षाची फी निघेल एवढं तरी नक्की येणार असेल तरच या फंदात पडा.

उद्देश लिहिताना "सॉफ्टवेअर बनवणे व विकसित करणे" असं लिहू नका, ते आयटी कंपनीसारखं दिसतं. शिक्षण, संशोधन, भारतीय भाषांमधली साधनं सगळ्यांना मोफत आणि खुल्या लायसन्सखाली देणं, असं लिहा, अर्थात खरंच तसं असेल तर.

नोंदणीनंतर इन्कम टॅक्सचे दोन अर्ज, १२ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला सूट आणि ८०जी म्हणजे देणाऱ्याला सूट. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, पण सीए आणि देणगीदार सगळे १२ए-८०जीच म्हणतात. फॉर्मचा नंबर पोर्टलवर बघूनच भरा. पहिल्यांदा प्रोव्हिजनल मिळतं. देणगीदाराला सांगायच्या दोन गोष्टी, २ हजारांच्या वर रोख दिली तर ८०जी मिळत नाही, आणि नव्या कररचनेत असेल तर मुळातच मिळत नाही.

इथं एक खड्डा आहे तो बघा. संस्था "सर्वसाधारण लोकोपयोगी" या गटात मोडली तर धंद्यासारखी कमाई, म्हणजे सपोर्टची फी, होस्टिंगचे पैसे, एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. देणग्या कमी आणि सपोर्ट काँट्रॅक्ट जास्त असा प्रोजेक्ट असेल तर सूट जाऊ शकते, तेव्हा सरळ वेगळी साधी कंपनी काढून सपोर्ट तिच्यातून विकलेला बरा.

सीएसआर हवा असेल तर १२ए, ८०जी आणि मग सीएसआर-१ फॉर्म. त्यात तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणून नवीन संस्थेने हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांच्या दारात लगेच जाऊन उपयोग नाही. आणि तुमचं सॉफ्टवेअर जी कंपनी स्वतःच्या धंद्यात वापरते तिने स्वतःला हवं ते फीचर सीएसआरमधून करून घेणं बसत नाही, ते सरळ बिल देऊन करा.

परदेशी देणगी हा सगळ्यात अवघड भाग. त्याला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी लागते आणि पात्रता म्हणजे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च केलेला. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच उघडायचं, पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआय भावाने त्याच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्या काकांची धरतात. क्यूआर कोड जगभर शेअर करण्याआधी हे लक्षात ठेवा, चुकून आलेले १० डॉलरसुद्धा त्रास देतात. केलेल्या कामाचं रीतसर बिल असेल तर ते पैसे देणगी धरत नाहीत, म्हणून बहुतेक लोक तोच मार्ग घेतात.

आता नियमावली. वकील किंवा सीए तयार नमुना देतात त्यात "अध्यक्षांचा निर्णय अंतिम" असतं, ते तसंच सही करून देऊ नका. कोड कोण मर्ज करणार (म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेणार) आणि पैसे कोण खर्च करणार ही दोन वेगळी माणसं ठेवा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा निर्माता २०१८ ला बाजूला झाल्यावर त्यांनी पाच जणांची निवडून आलेली स्टिअरिंग कौन्सिल केली आणि एकाच कंपनीतले दोनपेक्षा जास्त नकोत असा नियम घातला. पुण्यात तर हा पहिला नियम हवा, कारण ग्रुपमधले अर्धे एकाच ऑफिसच्या कँटीनमधून आलेले असतात. छोट्या निर्णयांसाठी अपाचे या ओपन सोर्स संस्थेची पद्धत सोपी आहे, प्रस्ताव टाका, ७२ तास थांबा, कोणी हरकत घेतली नाही तर मंजूर. रिलीजची आणि डोमेनची पासवर्ड-किल्ली किमान दोघांकडे हवी, पण नवीन माणसाला ती देण्याचीही पद्धत लिहून ठेवा. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काय झालं ते आठवा, एकटा दमलेला मेंटेनर, मदतीला आलेला गोड माणूस, आणि त्याने दोन वर्षांहून जास्त काळ विश्वास मिळवून बॅकडोर (चोरवाट) घुसवला.

मेंटेनरला पैसे द्यायचे असतील तर देता येतात, पण तो डायरेक्टर असेल तर मानधन बाजारभावाला धरून हवं, ठराव हवा, आणि त्या ठरावावर मत द्यायला त्याने बसू नये. व्यावसायिक फी म्हणून देत असाल तर टीडीएस बघा.

नाव आणि लोगो संस्थेच्या नावावर करून घ्या, ज्याने लोगो काढला त्याच्याकडून लेखी घेऊन. ट्रेडमार्कचा टीएम-ए फॉर्म ऑनलाइन भरला तर व्यक्तीला एका क्लासची फी ४,५०० आणि संस्थेला ९,००० रुपये, सॉफ्टवेअरला क्लास ९ लागतो आणि होस्टिंग देत असाल तर ४२ पण. साडेचार हजार वाचवायला कोणा एकाच्या नावावर करू नका.