साखवाळच्या माडांतून निघालेली वाट

मोरजी-हरमलच्या रस्त्याला ध्यान-योगाच्या शिबिरांच्या पाट्या दिसतात. जगण्याचा अर्थ शोधायला माणसं आज गोव्यात येतात. गोव्यातले जे शोधायला निघाले, त्यांनी मात्र आधी घर सोडलं.

जुनी गोष्ट संतकवी सोहिरोबानाथ आंबियेंची. जन्म १७१४, बांद्याचा. मूळ घर पेडण्यातल्या पालयेचं. पेशा कुळकर्ण्याचा. सावंतवाडीला जाताना इन्सुलीच्या रानात त्यांनी फणस फोडला, तेवढ्यात एका जोग्याने गरे मागितले. तो नाथपंथातला सिद्ध गहिनीनाथ होता, असं सांगतात. गहिनीनाथ ज्ञानेश्वरांच्याही आधीचे, तेव्हा काळाचा मेळ काही बसत नाही. फणस मात्र खरा वाटतो. कुळकर्णीपण सुटलं, पदं सुचू लागली आणि उतारवयात नाथ उत्तरेत ग्वाल्हेर-उज्जैनकडे गेले.

बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्या गोष्टीत चमत्कार नाही, म्हणून ती मला जास्त जवळची. ते साखवाळचे, जन्म १८७६. शिक्षण गावातल्या मराठी शाळेत, तेही बेताचं. मग नारळाच्या बागायतीची देखरेख: पाडेली बोलवा, नारळ मोजा, हिशेब लिहा. त्यात जीव रमेना. अशात विनायक कोंडदेव ओकांच्या ‘बालबोध’ मासिकातलं बुद्धचरित्र हाती पडलं. मुलांसाठी लिहिलेल्या चार पानांनी या संसारी माणसाचं बस्तान उठवलं! १८९९ च्या अखेरीस त्यांनी गोवा सोडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असं करत १९०२ साली सिलोनात ते पोचले आणि तिथेच बौद्ध दीक्षा घेतली. काशीत पोटाला अन्नछत्राचा आधार होता.

याला वैराग्य म्हणावं का? ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना मला तरी आधी दिसते ती घुसमट आणि शिकायची भूक. शिवाय घरी बायको होती, तान्ही मुलगी होती. नवऱ्याच्या शोधाची किंमत बाळाबाईंनी मोजली, आणि मोजताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

पुढे कोसंबी परतले, भिक्षूचं चीवर उतरवून पुन्हा संसारात आले. कलकत्त्याची प्राध्यापकी सोडून सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा ५० रुपयांवर त्यांनी महाराष्ट्रात पालीचं, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेचं, काम उभं केलं. माणसाला पळवते ती तृष्णा, हे बुद्धाचं निदान त्यांनी मराठीत पुन्हा पुन्हा मांडलं. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

मुलगा दामोदर १९०७ चा, गणिती आणि इतिहासकार. माणसांना हलवतं काय, हा बापाचाच प्रश्न त्याच्याही वाट्याला आला, पण त्याने उत्तर तृष्णेत शोधलं नाही. नांगर कोणाचा, धान्य कोणाच्या कोठारात जातं, हे तो विचारत राहिला. बाप पालीच्या पोथ्या लावत असे. मुलगा जुनी नाणी एकेक करून तराजूत घाली, किती झिजली ते बघायला.