रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणजे अंगात केमिकल नाही?

“रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे कामावरचं केमिकल अंगात गेलंच नाही,” हा समज कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. पण नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन, पेशी, साखर मोजतात. केमिकल नावानिशी शोधावं लागतं.

त्यातही प्रत्येक केमिकलची जागा वेगळी. रक्तातलं जवळपास ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींत असतं, पेशी काढून उरलेल्या प्लाझ्मात अगदी थोडं. म्हणून शिशासाठी पूर्ण रक्त तपासतात. तेही मुख्यतः अलीकडच्या काही आठवड्यांचंच सांगतं. हाडांत मात्र शिसं अनेक वर्षं साठून राहतं. उसावर ऑर्गनोफॉस्फेट प्रकारचं कीटकनाशक फवारणाऱ्यांचं वेगळं आहे: परिणाम प्लाझ्मातल्या आणि तांबड्या पेशींतल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमवर दिसतो. पण हा आकडा माणसागणिक बदलतो, म्हणून फवारणीच्या हंगामाआधीची तपासणी हवीच, आणि नेमकी तीच राहून जाते. थिनरमधलं टोल्युइन काही तासांत रक्तातून बरंचसं उतरतं. फाउंड्रीच्या वाळूतली सिलिका तर रक्तात शोधतच नाहीत. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची फुंकर-चाचणी.

आपला रिपोर्ट काढून पाहा: त्यात केमिकलचं नाव आहे का? नमुना रक्ताचा, प्लाझ्माचा की लघवीचा? कामाची पाळी (शिफ्ट) संपताना घेतला, की सुट्टीनंतर?