केसांचे हायलाइट्स

डोक्यावरच्या सगळ्या केसांना एकच रंग न देता निवडक बटा मूळ रंगापेक्षा उजळ करणे म्हणजे हायलाइट्स. महाराष्ट्रातल्या पार्लरमध्ये यासाठी पूर्वी ‘स्ट्रीक्स’ हा शब्द चालत असे, आजही अनेक ग्राहक तोच वापरतात. सगळे केस एकसारखे रंगवले तर ते ‘ग्लोबल’. आपल्याकडच्या काळ्या केसांवर हायलाइट करायचे तर रंग चढवण्याआधी असलेला रंग उतरवावा लागतो, आणि कलरिस्टचा हात त्या उतरवण्यातच ओळखू येतो.

केसाच्या बाहेरून क्युटिकलचे खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. आतल्या कॉर्टेक्समध्ये मेलॅनिनचे, म्हणजे नैसर्गिक रंगद्रव्याचे, कण असतात: काळे-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन. ब्लीच पावडर डेव्हलपरमध्ये, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, कालवून लावली की खवले उघडतात आणि मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण सुरू होते. काळे रंगद्रव्य आधी तुटते, तांबूस चिवटपणे टिकते. म्हणून काळा केस उजळताना थेट सोनेरी होत नाही. आधी तांबडा, मग तांब्याच्या भांड्यासारखा, मग नारिंगी, मग पिवळा अशा पायऱ्या तो चढतो. सलूनच्या भाषेत या पायऱ्या म्हणजे ‘लेव्हल’, 1 ते 10. भारतीय केस बहुधा 1 ते 3 मध्ये बसतात. 10 व्या लेव्हलचा रंग पिकलेल्या केळ्याची साल आतून दिसते तसा असतो, आणि तिथपर्यंत प्रत्येक केस धडधाकट पोचत नाही.

डेव्हलपरची ताकद व्हॉल्यूममध्ये सांगतात. 10 व्हॉल्यूममध्ये 3 टक्के पेरॉक्साइड असते, 20 मध्ये 6, 30 मध्ये 9 आणि 40 मध्ये 12. वीस व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन सुटू शकतो. चाळीसने काम लवकर उरकते हा समज नव्या हातांना महागात पडतो: रंग उतरण्याआधी केसच हार मानतो. काळ्याभोर केसाला 20 व्हॉल्यूम आणि भरपूर वेळ देणे हाच शहाणपणा.

फॉइल पद्धतीत शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने पातळ थरातले केस नागमोडी उचलतात, याला वीव्हिंग म्हणतात. अख्खा सरळ थर घेतला तर तो स्लाइस. वीव्हिंगने रंग आजूबाजूच्या केसांत मिसळतो, स्लाइसने पट्टा ठसठशीत दिसतो. दुमडलेली कड टाळूला टेकवून फॉइल केसांखाली सरकवायची आणि ब्लीच त्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून लावायचे. ब्लीच फुगते. जागा सोडली नाही तर ते कडेबाहेर झिरपते आणि मुळाशी नारिंगी ठिपके उमटतात, जे झाकण्यात पुढचा तासभर जातो. मुळाजवळ अंगाच्या उष्णतेने काम वेगाने होते, म्हणून न रंगवलेल्या केसांत आधी मधला भाग आणि शेवटी मूळ घेतात. कपाळावरचे केस नाजूक असतात, त्यामुळे सुरुवात मागून करतात.

फॉइल उघडून नुसते बघणे पुरेसे नाही, कारण ब्लीचच्या थराखाली खरा रंग कळत नाही. एका बटेवरचे ब्लीच ओल्या कापसाने पुसून ती उजेडात धरायची आणि हलकी ताणायची. ताणून पुन्हा जागेवर आली तर ठीक. च्युइंगमसारखी लांबतच गेली तर त्याच क्षणी धुवायला घ्यायचे, ग्राहकाने दाखवलेला फोटो कितीही गोरा असो.

बालायाज हा फ्रेंच शब्द, अर्थ झाडून काढणे. 1970 च्या दशकात पॅरिसमध्ये रुजलेल्या या तंत्रात ब्लीच ब्रशने मोकळ्या बटेवर फिरवतात: वर अगदी हलके, शेंड्याकडे भरून. वाळलेले ब्लीच काम थांबवते, म्हणून उघड्यावरचे मिश्रण दाट ठेवतात. गडद केसांना एवढा उजळपणा अनेकदा पुरत नाही. मग तीच बट ब्लीच फिरवून फॉइलमध्ये ठेवतात.

उतरवलेल्या केसाला शेवटची छटा टोनर देतो. पिवळ्यावर जांभळा, नारिंगीवर निळा, लालवर हिरवा उतारा. नारिंगी केसावर जांभळा टोनर ओतून राखाडी सोनेरी मिळत नाही. माझ्या मते काळ्या केसांना 6-7 लेव्हलवर थांबून मधाचा, काकवीचा किंवा तांब्याचा रंग देणेच सर्वांत शोभते, आणि केसही शाबूत राहतो.

कामाआधी ‘मेंदी लावली होती का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. मेंदीतला लॉसोन हा रंग केराटिनला, म्हणजे केसातल्या प्रथिनाला, घट्ट धरतो आणि ब्लीचनंतरही नारिंगी राहतो. निळीच्या पानांची पूड लावलेला केस हिरवट होऊ शकतो. मिश्र पुड्यांत धातूंचे क्षार असतील तर पेरॉक्साइडने केस तापतो, म्हणून कापलेली एक बट आधी तपासतात. आधी लावलेला डाय नव्या डायने उतरत नाही. बोअरच्या जड पाण्याने धुतलेल्या केसांवर खनिजांचा थर असतो, तो खास शाम्पूने काढूनच पुढे जायचे. 1907 मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ ओझेन श्युलर यांनी पॅरिसमध्ये बनवलेल्या कृत्रिम केशरंगांपासून आजच्या डायपर्यंत ॲलर्जीची भीती कायम आहे. आज बऱ्याच गडद डायमध्ये आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत पॅराफेनिलिनडायअमाइन हे ॲलर्जी आणू शकणारे रसायन असते. त्यामुळे 48 तास आधी पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडा डाय लावून बघणे, हवीच. ब्लीच पावडरीतले परसल्फेट मात्र कलरिस्टच्याच छातीत जाते. त्यातून दमा जडलेले कारागीर आहेत. हातमोजे, मोकळी हवा आणि न उडणारी पावडर यांवर मालकाने काटकसर करणे अन्याय आहे.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मुळापासून घेतलेल्या फॉइलची रेघ सहा ते आठ आठवड्यांत दिसू लागते, बालायाज तीन-चार महिने निभते. टचअपला ब्लीच फक्त नव्या वाढीवर लावतात. जुन्या उजळ भागावर ते दुसऱ्यांदा चढले तर केस नेमका त्या जोडावर तुटू शकतो.